दोनास एक

ऑस्ट्रेलियातल्या यांबा गावात तीस वर्षं सर्फबोर्ड बनवणाऱ्या मर्व्हिनने वजनकाटा कधी वापरला नव्हता. बोर्डावर लावायच्या रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर किती घालायचा, हे तो डब्यात डोकावून ठरवायचा. गारठा असला की चार थेंब जास्त, ऊन असलं की चार कमी. बोर्ड तासाभरात दगड. "ज्याला नजर नाही त्याने काटा घ्यावा," असं तो म्हणायचा, आणि मग पाच मिनिटं खोकायचा.

त्या खोकल्यापायी त्याच्या मुलीने, टेगनने, जुनं उग्र वासाचं रेझिन बंद केलं आणि वनस्पतींच्या तेलापासून केलेलं नवं आणलं. सोबत अटही आणली.

"बाबा, याचा पहिला बोर्ड नीट झाला तर मी इथेच कारखान्यात राहते. नाही झाला तर मंगळवारी ब्रिस्बेनला विमा कंपनीत रुजू. तुला खोकत बसलेलं बघायला मी थांबणार नाही."

"एवढंच ना?"

"दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर. वजन करून. काटा टेबलावर आहे."

गुरुवारी टेगन बाहेर गेल्यावर मर्व्हिनने खरोखर वजन केलं. अगदी दोनास एक. मग त्याला जूनचा, म्हणजे तिकडच्या हिवाळ्याचा, गारठा जाणवला. मुलीने राहावं असं मनापासून वाटत होतं, म्हणून त्याने चार थेंब वर घातले. फारच मनापासून वाटत होतं, म्हणून आणखी अर्धी वाटी.

जुन्या रेझिनने हे खपवून घेतलं असतं. नव्याला जास्तीचा हार्डनर म्हणजे पंगतीत पान न मिळालेले पाहुणे. ते मधेच उभे राहतात आणि कोणालाच धड बसू देत नाहीत.

शुक्रवारी बोर्ड गुळाच्या पाकासारखा होता. मर्व्हिनने हीटर लावला, पाक पातळ झाला. कुत्रा प्रेमाने शेपूट घासून गेला, शेपटीचे निम्मे केस बोर्डावर ठेवून. शेवटी त्याने चिकटपणा मारायला मैदा भुरभुरवला. आता बोर्ड तळायला काढलेल्या माशासारखा दिसू लागला.

शनिवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. ग्लेनिसबाई, वय अडुसष्ट, रोज लाटांवर. त्याआधी गावच्या शाळेत चाळीस वर्षं गणित. मर्व्हिनलाही त्याच शिकवायच्या.

"हे काय रे?"

"नवं फिनिशिंग, बाई."

बाईंनी बोर्डावर तळवा टेकला. तळवा तिथेच राहिला.

"मर्व्हिन, हात निघत नाहीये."

"पकड बघा, बाई. पाय घसरू नये म्हणून मेण लावायला नको."

तेवढ्यात टेगन कॉफी घेऊन आत आली. तिने बाई पाहिल्या, मैदा पाहिला, केस पाहिले.

"किती घातलंस, बाबा?"

"दोनास एक."

"आणि?"

"थोडं प्रेमाने."

तेल लावून टेगनने बाईंचं एकेक बोट सोडवलं.

"बाई, सोमवारी दुपारी माझी गाडी आहे. तोवर बाबाला गुणोत्तर शिकवाल? म्हणजे मी निर्धास्त जाईन."

बाईंनी हात पुसत मर्व्हिनकडे पाहिलं.

"याला मी दोन वर्षं शिकवलंय. एकाच इयत्तेत. सोमवारपर्यंत शक्य नाही. तुलाच राहावं लागेल, पोरी."

टेगनने काटा टेबलावरून आपल्या बाजूला ओढला.

"याला हात लावलास तर बघ."

मर्व्हिनने मान खाली घातली. बाईंच्या हातून तो दुसऱ्यांदा नापास झाला होता, आणि या वेळी कधी एकदा घरी जाऊन सांगतो असं त्याला झालं होतं.