हनीफभाई आणि घोड्याचा कान

तुटलेली वस्तू दाखवल्याशिवाय हनीफभाई चिकटवायचं काहीही विकत नाहीत. लातूरच्या गोलाईजवळच्या एका गल्लीत त्यांचं दुकान आहे. डिंक, सरस, लाख, पांढरा गोंद, दोन ट्यूबांचा गोंद, झटपट गोंद, सगळं फळीवर मांडलेलं असतं. पण नुसतंच ‘एक ट्यूब द्या’ म्हणणाऱ्याला उत्तर ठरलेलं असतं. “पेशंट कुठाय?”

पेशंट हातात आला की ते तो उजेडाकडे धरतात, वास घेतात आणि तुटलेल्या कडेला जिभेचं टोक लावून बघतात. जीभ ओढून धरली तर भाजलेली माती, नाही धरली तर चिनी माती. चपलेला मात्र ते जीभ लावत नाहीत. त्यांना वेडं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

चपला पुष्कळ येतात. आमच्या भागात आता घरं कमी आणि होस्टेलं जास्त. डॉक्टर व्हायचं म्हणून गावोगावची मुलं इथे क्लासला येतात आणि आल्या आल्या चपलेचा अंगठा तोडतात.

“काका, झटपट द्या लवकर. टेस्ट आहे.”

“टेस्ट चपलेची हाय का तुझी? बस तिथं. वाळू दे.”

प्रत्येक गोंदाचा त्यांनी स्वभाव ठरवून टाकला आहे. खळ म्हणजे गरीब माणूस, कागदापलीकडे झेप नाही. झटपट म्हणजे उतावळा जावई, “आल्या आल्या चिकटतो, अन् ऊन लागलं की रुसतो.” त्यांचा खरा जीव सरसावर. मला म्हणतात, “जुनं माणूस हाय ते, सर. गरम करून घ्यावं लागतंय. पण कोमट पाण्यानं समजूत काढली की सोडतं बी.”

ही सोडण्याची गोष्ट त्यांना फार महत्त्वाची वाटते. त्याचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं. भूकंपानंतर किल्लारीकडची एक बाई प्लॅस्टरचा पोपट घेऊन दुकानात आली होती. घरातलं तेवढंच हाती लागलेलं. मान तुटली होती. तेव्हा हनीफभाई नवे होते, झटपट गोंद त्यांच्याहून नवा. त्यांनी मान लावली ती जरा वाकडी बसली, आणि मग काही केल्या निघेना. “बाई काही बोलली न्हाई. पोपट पदरात घेतला अन् गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.” तेव्हापासून नाजूक कामाला पहिला हात सरसाचा, हा त्यांचा नियम. चुकलं तर उकलता आलं पाहिजे.

माझी पत्नी सुमन गेली, त्यानंतर माझा आणि हनीफभाईंचा खरा संबंध आला. तोवर नुसती तोंडओळख होती. सुमननं एका सुट्टीत मातीचा घोडा केला होता आणि कुंभाराच्या भट्टीत भाजून आणला होता. पुस्तकांच्या कपाटावर तो असायचा. एकदा धूळ पुसताना फडक्याबरोबर त्याचा कान खाली आला. घरात तिच्या हातचं तेवढंच होतं. मी घोडा टॉवेलात गुंडाळून निघालो.

हनीफभाईंनी कानाला जीभ लावली. “माती चांगली भाजलीय. गाढव झकास जमलंय.”

“घोडा आहे तो.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “कुणी केलाय?”

“आमच्या मंडळींनी. आता नाहीत त्या.”

“मग घोडाच हाय,” ते म्हणाले आणि सरसाचं भांडं गरम करायला ठेवलं.

कान छान बसला आणि पावसाळा संपायच्या आत पडला. मी पुन्हा गेलो. हवा दमट आहे म्हणाले. त्यांनी पुन्हा सरस लावला, चहा मागवला, गोंदावरून गोष्ट निजामाच्या काळातल्या सुतारांवर गेली, आणि दुपार कशी गेली ते कळलं नाही. कान पुन्हा पडला. मी पुन्हा गेलो. लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं त्या उन्हाळ्यातसुद्धा, रिकाम्या घागरींची रांग दुकानासमोर असताना, हनीफभाईंनी कान पडण्याचं कारण सांगितलं. “दमट हवा, सर.”

मी मराठी शिकवलेला माणूस. रसायनातलं मला काय कळणार? मी मान डोलावली.

परवा मी कान खिशात आणि घोडा मांडीवर घेऊन त्यांच्याकडे बसलो होतो. होस्टेलवरची एक मुलगी आली. तिच्या हातात टेराकोटाचं हरीण होतं, पाय तुटलेलं. हनीफभाईंनी जीभ लावली आणि पटकन दोन ट्यूबा काढल्या. “दोन्ही सारखं सारखं घे, कालव, अन् लाव. चहा पिऊन होईस्तोवर धरून बस. मग जन्मभर हलत न्हाई.”

मुलगी गेली. मी म्हणालो, “हनीफभाई, हरणाची माती आणि माझ्या घोड्याची माती वेगळी आहे का?”

त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला.

“येकच हाय.”

“मग?”

“सरस मी पातळ करून लावत होतो,” ते फळीकडे बघत म्हणाले. “भाभी गेल्यावर तुम्ही फाटकाबाहेर येत नव्हते. पेपरवाला सांगायचा, सर दारसुद्धा उघडत न्हाईत. मग एक दिवस तुम्हीच कान घेऊन आले. पक्कं करून दिलं असतं, तर परत कामून आला असता तुम्ही?”

मी खिशातला कान काढून त्यांच्यापुढे ठेवला. ते हळू आवाजात म्हणाले, “अन् माझी घरवाली नातवंडांकडं नांदेडला. दुपारचं इथं तरी कोण बसतंय?”

मग एकदम उठून त्यांनी डब्याच्या झाकणावर दोन्ही ट्यूबा पिळल्या, काडीनं कालवल्या आणि कान जागेवर बसवला. सरळ बसलाय का ते चारही बाजूंनी बघितलं. जोडलेल्या वस्तू वाळेपर्यंत उभ्या रोवून ठेवायला त्यांच्याकडे वाळूची परात आहे. ती त्यांनी पायानं बाकाखाली सरकवली.

“धरा, सर. मी सांगेन तवा सोडा.”

त्यांनी नांदेडच्या नातवाची गोष्ट सुरू केली. पहिला चहा आला, तो ते मला बशीतून पाजत होते, कारण माझे दोन्ही हात गुंतलेले. मग दुसरा आला. समोरच्या क्लासची मुलं सुटली, रस्त्यावर दिवे लागले. गोष्टीतला नातू आता दुसरीत जाऊन परत बालवाडीत आला होता.

हनीफभाई सोडा म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.