ऊस दिसला आणि घोडी सुटली!

घोड्यावर बसायला लागतं काय? मांडीत जोर आणि छातीत दम! दोन्ही माझ्याकडं भरपूर. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून उभं आयुष्य काढलंय. खटखटणारे माग ताब्यात ठेवणाऱ्याला एक घोडी काय जड? त्यामुळं गावाबाहेरच्या माळावर 'घोडेस्वारी : सर्व वयोगटांसाठी' असा बोर्ड लागला, तसं मी लगेच नाव घातलं.

बायको म्हणाली, "अवो, स्कूटरवरनं उतरताना कमरेला हात लावता की तुमी!"

"वच्छला, स्कूटरला जीव नसतो. घोड्याला माणूस कळतो!"

कळला की! पहिल्याच दिवशी कळला!

आता तो दिवस नेमका कुठला? आमच्या अंकितानं स्वतःच मुलगा पसंत केलेला, अमृत नावाचा. त्याचे आईवडील करकंबहून पहिल्यांदाच आमच्या घरी येणार होते.

"पप्पा, आजच्या दिवस राहू द्या ना क्लास!" अंकिता म्हणाली.

"पाहुणे यायच्या आत इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा असेन! आणि मुलीचा बाप घोडेस्वार आहे म्हटल्यावर वजन पडेल ते वेगळंच!"

माळावर शिकवायला सिद्धलिंगप्पा. त्यांनी राजनंदिनी नावाची घोडी पुढं आणली.

"लई गरीब हाय. ल्हान पोरं, म्हातारी माणसं, कुणालाबी पाठीवर घेती."

यातल्या कुठल्या गटात मला धरलं, ते विचारलं नाही. पण राग आला. त्यांनी दोरी धरून दोन फेऱ्या फिरवल्यावर मी म्हणालो, "दोरी सोडा!"

"नको ओ, शेजारी रस्ता हाय."

"सोडा म्हणतो ना!"

सोडली. मी पुतळ्यासारखा ताठ! तेवढ्यात रस्त्यानं उसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली निघाली. राजनंदिनीनं कान टवकारले, नाकपुड्या फुगवल्या आणि थेट फाटकाबाहेर!

"लगाम वडा! लगाम!" सिद्धलिंगप्पा मागनं ओरडले.

मी ओढला. बहुतेक चुकीचा ओढला, कारण ती आणखी जोरात सुटली!

ट्रॉली गाठून ती चालता चालता ऊस उपसायला लागली. ट्रॅक्टरवाल्यानं गाणी अशी मोठ्यानं लावलेली की माझ्या बोंबा त्याला ऐकूच जाईनात. आरशात बघून त्यानं मला हात मात्र केला! मागं गाड्यांची रांग लागली. रांगेत सगळ्यात पुढं एक पांढरी गाडी, तिचा हॉर्न सारखा चालू. दर हॉर्नला राजनंदिनी उसळायची आणि मी तापल्या तेलातल्या पुरीसारखा वर यायचो.

शेवटी मान वळवून ओरडलो, "ओ शहाणे! घोडी हाय ही, रिक्षा न्हाय! हॉर्न काय वाजवताय?"

खिडकीतनं झुबकेदार मिशांचं डोकं बाहेर आलं. "घोडी तुमची का तुमी घोडीचे, ते ठरवा आदी! आमाला पाहुण्यांकडं जायचंय!"

"ज्यांच्या घरी चाललाय त्यांचं नशीब फुटलं!"

रस्ता जरा रुंद झाला तशी गाडी भुर्रकन पुढं गेली. ट्रॅक्टर चहाच्या टपरीवर थांबला तेव्हा राजनंदिनीही थांबली. मोटरसायकलवरनं सिद्धलिंगप्पा आले. टपरीवरच्या चार माणसांनी मला पोत्यासारखं खाली उतरवलं. पाय काही केल्या जवळ येईनात! तसाच रिक्षाच्या सीटवर पालथा पडून घरी आलो.

दारात पांढरी गाडी.

मागच्या दारानं आत शिरलो, शर्ट बदलला, भांगही उलटा पाडला. वच्छलानं दंडाला धरून बाहेरच्या खोलीत आणलं. समोर त्याच मिशा! अमृतचे वडील, बापूसाहेब. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं पाहिलं.

"बसा की, दादा," अमृतच्या आई, म्हाळसाबाई, म्हणाल्या.

"नको नको, उभाच बरा!"

त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "बगा, केवडा मान देत्यात! आपल्यापुढं बसनातबी!"

बापूसाहेबांनी चहाचा घोट घेतला. "वाटंत एक घोडीवाला भेटला. म्हणला, ज्यांच्या घरी चाललाय त्यांचं नशीब फुटलं."

अंकिता माझ्या फाकलेल्या पायांकडं बघायला लागली. माझ्या जिभेपायी पोरीचं जुळत आलेलं मोडतंय की काय!

वच्छला मात्र फणकारली, "अगंबाई! असली माणसं घराबाहेर सोडतं तरी कोण?"

"तसं न्हवं, वैनी," बापूसाहेब म्हणाले. "तोंडाचा फाटका हुता, पण मनात काय ठिवणारा न्हवता. अशा माणसाशी सोयरीक जमती. आमच्याकडनं हे लगीन पक्कं! फकस्त एक अट हाय."

वच्छला पदर खोचून पुढं सरकली.

"वरातीची घोडी आमची आमी आणू!"

ते हसले. अंकिता पदर तोंडाला लावून हसली. वच्छलानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्या पायांकडं, आणि तिला उलगडलं. पाहुण्यांना तिनं हसून निरोप दिला. गाडी कोपऱ्यावर वळली, तशी दाराला कडी घालून, लाकडी खुर्ची पुढं ओढून म्हणाली, "बसा आता हितं."

खरं सांगतो मंडळी, तेवढं सोडून काहीही सांगितलं असतं तरी ऐकलं असतं!