मागच्या पायरीवर, अठरा सप्टेंबरला

रेवती भंगाळेचं बोलणं तोंडातून निघाल्यावर दोन वर्षं चार महिन्यांनी ऐकू यायचं, आणि तेही ती जिथे बोलली असेल तिथेच. हसणं-रडणं वेळेवर यायचं. उशीर फक्त शब्दांना होता.

तिच्या आईला, कांचनला, हे फार दिवसांनी कळलं. पोरगी साडेतीन वर्षांची होत आली तरी नुसते ओठ हलवते, म्हणून ती तिला जळगावला वाचा-उपचाराच्या बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी कान तपासले, जीभ पाहिली, मग तिच्या ओठांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"बोलते की छान," बाई म्हणाल्या. "पोचायला वेळ लागतोय. वर्षाची असताना कुठे राहत होता?"

"रावेरला, भाड्याच्या घरात. ती दोन वर्षांची व्हायच्या आत यांची चोपड्याला बदली झाली."

"मग तिकडे निरोप ठेवा."

निरोप ठेवायची गरजच पडली नाही. त्याच आठवड्यात रावेरच्या घरातल्या नव्या भाडेकरूंचा, हसीनाबी तडवींचा, फोन आला. "ताई, तुमची पोरगी आमच्या ओट्यापाशी बोलायला लागलीय. सकाळपासून तीनदा 'बाबा' म्हणाली. म्हटलं, कळवावं."

कांचन शिवणवर्ग चालवायची, सुट्टी रविवारची. दर रविवारी ती रेवतीला घेऊन एसटीनं रावेरला जाऊ लागली. हसीनाबींच्या अटी दोनच होत्या : मिक्सर चालू असताना यायचं नाही आणि जेवल्याशिवाय जायचं नाही. मायलेकी भिंतीला टेकून बसायच्या. खिडकीतून 'काऊ' यायचं, कपाटाच्या फटीतून 'दूदू'. जुनी ओळखीची बाई भेटावी तशी रेवती आपल्याच आवाजाकडे बघून लाजायची.

मधल्या वारांचं हसीनाबी फोनवर सांगायच्या. "मंगळवारी 'पाणी' म्हणाली. दिलं असतं, पण द्यायचं कुणाला? 'आई' तर दिवसातून दहादा."

कांचनच्या वाट्याला ते 'आई' काही येत नव्हतं. रविवारी नेमकं दुसरंच काहीतरी यायचं. पण तिला धास्ती होती ती एका तारखेची.

रावेर सोडायच्या आधीच्या मे महिन्यात, अठरा तारखेला, ती एका लग्नाहून परतली होती. मांडवात कुणीतरी विचारलं होतं, "मुकी आहे का गं?" घरी येताच तिनं पोरीला मागच्या पायरीवर बसवलं, खांदे धरले आणि ओरडली, "म्हण आई! एकदा तरी म्हण!" पोरगी ओठ हलवत राहिली. कांचननं एक चापट मारली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्या दिवशीचं बोलणं अठरा सप्टेंबरला पोचणार होतं.

वार गुरुवार होता. कांचननं वर्ग बंद ठेवला. चारच्या सुमाराला ती, रेवती आणि हसीनाबी मागच्या दारात उभ्या राहिल्या. ऊन कवठाच्या झाडामागे गेलं होतं.

आवाज पायरीच्या वर हातभर उंचीवर आला. "आई." थोडं थांबून पुन्हा, जरा जोर लावून, "आई." मग ओळीनं. हसीनाबी बोटांवर मोजत होत्या, अकरा झाले. नंतर काहीच नाही. कांचनला वाटलं, संपलं. तिनं डोळ्यांना पदर लावला.

"आई, ये," आवाज म्हणाला.

"आले," कांचन म्हणाली, आणि पायरीवर जाऊन बसली.

खरी रेवती, चार वर्षांची, चपला फटफटवत आली आणि आईला चिकटून बसली. तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओठ हलवले. बराच वेळ हलवले, मधे एकदा हातवारेही केले.

"काय म्हणाली?" हसीनाबींनी विचारलं.

"दोन वर्षं चार महिन्यांनी, जानेवारीत कळेल. अठरा तारखेला, साडेचारच्या आसपास. तेवढं पायरीपाशी थांबाल?"

"थांबेन की." हसीनाबींनी आतून पेन्सिल आणली आणि दाराच्या चौकटीवर तारीख लिहिली. "आणि तोवर?"

तोवरचं म्हणून कांचननं लेकीला "हो" म्हणून टाकलं.