बदाम तिर्रीचं काय करायचं

आपल्याजवळचं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे ठरवता येणं म्हणजे शहाणपण, यावर सर्व थोर माणसांचं एकमत आहे. मात्र ठरवण्याच्या वेळी समोर नेमकं काय काय होतं, याची मोजदाद कोणी करून ठेवत नाही. त्यामुळे पुढच्यांना शहाणपण मिळतं, पुरावा मिळत नाही. म्हणून आधी मोजदाद.

स्थळ, नेवाडातल्या सॉल्टवेल गावचं एकमेव किराणा दुकान. दाराजवळ, बर्फाची पेटी आणि वाढदिवसाची शुभेच्छापत्रं यांच्या मधे, पत्त्यांची यंत्रं सात. पैकी चालू सहा. खुर्च्या सहा; पैकी पाठ असलेल्या पाच. माणसं अकरा, मी धरून. ढकलगाडी एक, तिच्यात कांदे, कॉफी, मांजराच्या खाण्याचे नऊ डबे आणि आइस्क्रीमचा एक मोठा डबा. तिसऱ्या यंत्रासमोर लॉरेटाबाई प्रुइट, वय एकाहत्तर, गावच्या शाळेच्या बसच्या निवृत्त ड्रायव्हर. त्यांचा डावा हात छातीवर. पडद्यावर पानं पाच: बदाम एक्का, राजा, राणी, गुलाम, आणि बदाम तिर्री.

ज्यांच्या गावात कांद्यांबरोबर जुगाराची सोय नाही, अशांसाठी थोडा खुलासा करते. यंत्र पाच पानं वाटतं. जी ठेवायची त्यांच्याखालचं ‘होल्ड’ हे बटण दाबायचं. मग ‘ड्रॉ’ दाबायचं. उरलेली पानं जातात आणि त्यांच्या जागी नवी येतात. जे जुळेल त्याचे पैसे. पाच पानांमधून काय ठेवायचं, हे बत्तीस प्रकारांनी ठरवता येतं. त्यांतला बरोबर प्रकार सहसा एकच असतो. चुकीचे एकतीस सर्वांना खुले आहेत.

बरोबर उत्तरं छापलेलं प्लॅस्टिकचं कार्ड त्याच दुकानात, गल्ल्यापाशी, च्युइंगमच्या शेजारी, दोन डॉलर नव्व्याण्णव सेंटना मिळतं. दुकानाविरुद्धचा सल्ला दुकानानेच विकावा, इतका सचोटीचा व्यवहार दुसऱ्या कुठल्या धंद्यात मी पाहिलेला नाही. कार्डावरची ओळ न् ओळ आयुष्यभर पाळली, तर यंत्रात घातलेल्या दर शंभर डॉलरांमागे सरासरी नव्व्याण्णव डॉलर चोपन्न सेंट परत येतात. उरलेले शेहेचाळीस सेंट ही शहाणपणाची फी. (कार्ड न पाळणाऱ्यांचे शंभरामागे तीन-चार डॉलर जातात. म्हणजे शिक्षणाने माणूस श्रीमंत होत नाही, सावकाश गरीब होतो. मी रसायनशास्त्राची पदवीधर असून इथल्या खाणीच्या प्रयोगशाळेत आहे.)

आता पेच असा होता. पाचही पानं बदाम. एकरंगी हात. डावावर लावलेले सव्वा डॉलर. काही न टाकता ‘ड्रॉ’ दाबलं, तर साडेसात डॉलर नक्की. तिर्री टाकली आणि तिच्या जागी बदाम दश्शी आली, तर रॉयल, म्हणजे एकाच रंगाची एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाचही पानं; रॉयलचे हजार डॉलर. दश्शी न आली, तर काहीही होऊ शकतं, आणि ‘काहीही’ याचा अर्थ बहुतेक वेळा काहीच नाही असा असतो. उरलेल्या सत्तेचाळीस पानांत बदाम दश्शी एकच.

लॉरेटाबाई तीस वर्षं एकच नियम पाळत आल्या होत्या: पैसे देणारा हात मोडायचा नाही. तीस वर्षांत त्यांना रॉयल एकदाही लागलेला नव्हता. त्यांच्या मागे उभे होते ड्वाइट टोलमन, निवृत्त भूमापक. त्यांच्या गळ्यात ते प्लॅस्टिकचं कार्ड दोरीने अडकवलेलं असतं.

“तिर्री टाक, लॉरेटा. चौथी ओळ. कार्डात स्पष्ट आहे.”

“तुझ्या कार्डाने तुला किती रॉयल लागले, ड्वाइट?”

“तीन.”

“आणि तुझी पिकअप कुठंय?”

“विकली.”

“मग गप्प उभा राहा.”

एवढं बोलून लॉरेटाबाईंना घाम फुटला, आणि चेहरा गव्हाच्या पिठासारखा झाला. सकाळचा बरीटो अंगावर आला, असं त्यांचं स्वतःचं निदान होतं. इतरांचं वेगळं होतं, म्हणून कोणीतरी रुग्णवाहिकेला फोन केला.

इथे दुकानाच्या व्यवस्थापिका केंड्रा ओचोआ यांच्या तत्परतेचा उल्लेख केला नाही, तर अन्याय होईल. गोठवलेला माल वीस मिनिटांहून जास्त वेळ बाहेर राहता कामा नये, असा दुकानाचा दंडक आहे. केंड्रा यांनी गाडीतला आइस्क्रीमचा डबा उचलून, त्यावर लॉरेटाबाईंचं नाव लिहून, तो ताबडतोब थंड ठिकाणी हलवला. लॉरेटाबाईंना हलवता येईना, कारण यंत्रावर एक पाटी आहे: ‘बटण जो दाबेल, बक्षीस त्याचं.’ म्हणजे त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणाला दाबता येत नव्हतं; आणि डाव अर्धा असताना यंत्र पैसे परत देत नाही.

केंड्रा यांनी यंत्रवाल्या कंपनीला फोन लावला. यंत्र बंद केलं तर काय होईल, असं विचारलं.

“परत चालू केल्यावर तीच पानं दिसतील, मॅडम,” पलीकडचे गृहस्थ म्हणाले. “यंत्राला घाई नसते. कितीही दिवस थांबेल.”

ही मोठीच दिलाशाची बातमी होती. केंड्रा यांनी ती लॉरेटाबाईंना कळवली: आता दवाखान्यात जा, बऱ्या झाल्यावर येऊन बटण दाबा.

“हा इथे उभा आहे ना?” लॉरेटाबाईंनी मान न वळवता ड्वाइटकडे अंगठा केला. “मी दाराबाहेर पडले की दाबेल.”

“नाही दाबणार, लॉरेटा. आईशप्पथ.”

“तुझ्या आईला मी चांगली ओळखत होते. तिची शपथ मला नको सांगूस.”

यंत्राला कुलूप घालायचं, तर कंपनीचा माणूस लागतो, आणि कंपनीचा माणूस गुरुवारी येतो. त्या दिवशी मंगळवार होता. फोन ठेवण्यापूर्वी पलीकडच्या गृहस्थांनी पानं कोणती आहेत ते विचारून घेतलं, आणि तिर्री टाकावी असं आपलं वैयक्तिक मत दिलं. (कंपनीचं अधिकृत मत काहीच नाही, हेही त्यांनी नमूद केलं.)

एवढ्यात रुग्णवाहिका आली. तिच्यातून मिच एचेवेरी आणि त्याचा जोडीदार उतरले. दोघं स्वयंसेवक; एरवी मिच पाण्याचे पंप दुरुस्त करतो. त्याने लॉरेटाबाईंच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब ८४/५०.

“चला, मिसेस प्रुइट. आडव्या व्हा बघू स्ट्रेचरवर.”

“मिच, पोरा, तिसरीत असताना माझ्या बसमध्ये तू किती वेळा ओकलास?”

“आता ते कशाला काढता?”

“चार वेळा. एकदा तरी तुला खाली उतरवलं का मी?”

“नाही.”

“मग मलाही उतरवू नकोस.”

मिचने जिल्ह्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना वायरलेसवर गाठलं, आणि आकडे सांगितले. पेशंट अजून जागेवरच का, असं त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं.

“डाव अर्धा आहे, डॉक्टर.”



“पानं कोणती?”

मिचने सांगितली.

“तिर्री टाका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि ऑक्सिजन लावा.”

दोन्ही सूचना याच क्रमाने लॉरेटाबाईंना कळवण्यात आल्या. ऑक्सिजन त्यांनी लावून घेतला.

मतभेद वाढत असल्याने हात वर करून मोजणी घेण्यात आली. आम्ही दहा जण आणि रुग्णवाहिकेचे दोघे, अशी एकूण मतं बारा. तिर्री टाका: सहा. काही टाकू नका: पाच. तटस्थ: एक. हे युटाहून फक्त बर्फ घ्यायला आलेले गृहस्थ होते. आपल्या धर्मात जुगार बसत नाही, तेव्हा आपण मत देऊ शकत नाही, असं ते म्हणाले. (देऊ शकले असते तर तिर्री टाकली असती, असंही म्हणाले.) रुग्णवाहिकेची मतं एकास एक अशी फुटली. मिच काही टाकू नका या बाजूचा होता, आणि स्ट्रेचरची पुढची दांडी धरलेला त्याचा जोडीदार त्याला, “म्हणून तू अजून भाड्याच्या घरात राहतोस,” असं म्हणाला. त्यावर थोडं बोलणं झालं, आणि त्या दरम्यान स्ट्रेचर खाली ठेवावं लागलं.

सहा विरुद्ध पाच हे बहुमत लॉरेटाबाईंना पुरेसं वाटेना.

“ती लॅबमधली पोरगी कुठंय?” त्या म्हणाल्या. “तिला हिशोब करू दे. शिकलीय एवढी.”

मी कॉफीच्या पावतीमागे हिशोब मांडला. एक पान रॉयलचं; सात पानांनी पुन्हा एकरंगी; बाकीच्या तीन दश्श्यांनी ओळीत पाच; बारा पानांनी एक बरी जोडी; उरलेल्या चोवीस पानांनी शून्य. सगळ्यांची किंमत मिळवून सत्तेचाळीसांनी भागलं. तिर्री टाकली तर लावलेल्या रकमेच्या अठरापट, ठेवली तर सहापट. पण अठरा हे ढोबळ उत्तर झालं. दोन दशांशांपर्यंत भागाकार नेल्यावर अठरा पूर्णांक त्रेचाळीस शतांश आलं. त्याला आणखी दीड मिनिट लागलं, पण अचूकतेला वेळ द्यावाच लागतो. त्या वेळात रक्तदाब ७८/४६ झाला. त्यात भागाकार करावा लागत नाही, म्हणून तो लवकर मोजून होतो.

“अठरा,” ड्वाइट म्हणाले. “कार्डातही तेच. पावती फुकट घालवलीस, बाळ.”

लॉरेटाबाईंनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. “हे अठरा कशाचे म्हणालीस?”

“सरासरी आहे ती, मिसेस प्रुइट.”

“म्हणजे मला अठरापट मिळणार?”

“नाही. तुम्हाला आठशेपट मिळतील, नाहीतर सहापट, चौपट, एकपट, नाहीतर काही नाही.”

“मग अठरापट कोणाला मिळणार?”

“कोणालाच नाही.”

लॉरेटाबाईंना हसू आलं. हसल्याने छातीत कळ आली, म्हणून त्यांनी ते मधेच थांबवलं. “हे शिकायला चार वर्षं लागली तुला?”

“हो.”

“तीस वर्षं मी पक्कं असेल तेच धरून बसले,” त्या मिचला म्हणाल्या. “त्यातला कोणता साडेसात डॉलरचा हात आठवतोय, विचार मला.”

“कोणता?”

“एकही नाही.” त्यांनी मास्क पुन्हा लावला, आणि एक्का, राजा, राणी, गुलाम यांच्याखालची चार बटणं एकेक करून दाबली. पडद्यावर चार ‘होल्ड’ उमटले. तिर्री उघडी राहिली.

आता फक्त ‘ड्रॉ’ उरलं होतं. पण हात तिथपर्यंत पोचेना. बोट बटणाच्या चार बोटं अलीकडे थांबलं. मिचने पुढे होऊन त्यांचं कोपर उचललं.

“थांब,” केंड्रा म्हणाल्या. “तू उचललंस, तर दाबलं कोणी?”

हा मुद्दा खरोखर गंभीर होता. सर्वांनी पाटी पुन्हा वाचली. पाटीत बटणाचा उल्लेख आहे, कोपराचा नाही. कोपर उचलणं म्हणजे बटण दाबणं नव्हे, असं ड्वाइट यांनी तीस वर्षांच्या मोजणीच्या अनुभवावरून सांगितलं: हद्द जिथे खुंटी ठोकलेली असते तिथे असते, जमीन कोणी नांगरली त्यावर ठरत नाही. केंड्रा यांना पटलं. युटाच्या गृहस्थांनाही पटलं. मिचच्या जोडीदाराने पट्टा पुन्हा फुगवला, आकडा पाहिला, आणि सांगितला नाही.

मिचने कोपर धरलं. लॉरेटाबाईंनी डोळे मिटले, आणि ‘ड्रॉ’ दाबलं.

पान उलटायला यंत्राला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो. त्या अर्ध्या सेकंदात पडद्याकडे पाहणारी माणसं बारा. लॉरेटाबाईंकडे पाहणारं कोणी नाही. (हे मी आठवणीवर विसंबून लिहीत नाही. केंड्रा यांच्या परवानगीने दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहताना, आपण चुकून तरी दुसरीकडे बघत असू, अशी मला आशा होती.)

ही हकीकत मी आजवर त्रेचाळीस जणांना सांगितली आहे. दर वेळी नेमकी इथेच थांबते, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून पहिला प्रश्न कोणता येतो, ते पाहते. ऐकणाऱ्यांत खाणीतले सहकारी, एक धर्मोपदेशक, दोन परिचारिका, आणि माझे प्राध्यापकही आहेत. ‘पान कोणतं आलं?’ असं विचारणारे बेचाळीस. ‘बाईंचं काय झालं?’ असं विचारणारा एक. त्याला पत्ते कळत नाहीत. वाचकांच्याही मनात एक प्रश्न एव्हाना आलेलाच असेल. तो कोणता, हे त्यांनी मला कळवण्याची आवश्यकता नाही. मी त्यांना बेचाळिसांत धरलं आहे.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं, विचारणाऱ्यांच्या संख्येच्या क्रमाने, पुढीलप्रमाणे.

किलवर पंजी.

बुधवारी सकाळी, इस्पितळात, नाश्त्यापूर्वी: ११८/७२.