तेवीस हजार चाळीस ट्विप

"चौकट मी म्हणेन तिथंच उघडेल!"

हे वाक्य नीळकंठराव घारफळकरांच्या तोंडून निघालं आणि दारव्ह्याच्या वाचनालयाची अख्खी कार्यकारिणी चमकून त्यांच्याकडे बघायला लागली. सगळ्यांत जास्त चमकले ते स्वतः नीळकंठराव. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी असं छाती ठोकून काही म्हटलंच नव्हतं! तहसील कचेरीत छत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली, तीही आवाज न करता. कुणी 'चहात साखर चालेल ना?' असं विचारलं, तरी ते 'तुम्हाला काय वाटतं?' असं म्हणत.

त्याचं असं झालं होतं. वाचनालयाच्या रद्दीत त्यांना बेसिक प्रोग्रामिंगचं एक जाडजूड पुस्तक सापडलं. ते त्यांनी दोन वर्षं पेन्सिलीनं खुणा करत, एखादी रहस्यकथा वाचावी तसं वाचलं. मग मुलानं, साकेतनं, पुण्याहून पाठवलेल्या जुन्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम लिहिला. वाचनालयातल्या चौदा हजार पुस्तकांपैकी कोणतं कुठल्या कपाटात आहे ते सांगणारा! पडद्यावर संस्थापक कैलासवासी बळवंत मास्तरांचा पागोटं घातलेला फोटो, त्याखाली 'शोधा' असं बटण. बटण दाबलं की एक छोटी चौकट उघडायची. तिच्यात पुस्तकाचं नाव लिहून एंटर मारला की फोटोखालच्या पट्टीत उत्तर यायचं, अमुक कपाट, तमुक कप्पा.

अडचण एकच होती. चौकट पडद्याच्या बरोबर मधोमध उघडायची. मधोमध म्हणजे मास्तरांच्या तोंडावर! मिशीपासून पागोट्यापर्यंत सगळं गायब आणि त्या जागी पाटी: 'नाव सांगा.'

"अहो नीळकंठराव," अध्यक्ष अवधूतराव कळवळून म्हणाले, "ज्या माणसानं हे वाचनालय उभं केलं, त्यालेच तुमचं यंत्र नाव विचारून राह्यलं!"

"पोलिसानं धरल्यासारखं दिसते जी," शिपाई उकंडा म्हणाला.

एरवी हसण्यावारी गेलं असतं. पण येत्या रविवारी मास्तरांची लेक, हंसाबाई, नागपूरहून येणार होत्या. वय पंच्याऐंशी, आणि धाक अजून पंचेचाळिशीतला. मास्तरांच्या स्वतःच्या पुस्तकांच्या चार ट्रंका त्यांच्याकडे होत्या. नागपूरची एक मोठी संस्था त्या ट्रंका मागत होती आणि दारव्हाही मागत होतं. हंसाबाईंनी निरोप धाडला होता, 'रविवारी येते. बाबांचं वाचनालय कसं ठेवलंय ते बघते. मग सांगते.'

त्या ट्रंकांचं नाव निघालं की नीळकंठराव हातातलं काम थांबवून ऐकायचे. तरुणपणी एकदाच त्यांनी मास्तरांच्या खोलीत ती पुस्तकं लांबून बघितली होती. हात लावू का, असं विचारायचं धाडस झालं नव्हतं. ते तेव्हापासून राहून गेलं होतं. म्हणूनच ते वाक्य तोंडून गेलं.

"बोललात, आता करा," अवधूतराव म्हणाले. "मास्तरांचं तोंड मोकळं दिसलं पायजे. नाही तर ट्रंका गेल्या नागपूरले!"

घरी येऊन नीळकंठरावांनी पुस्तक उघडलं. तीनशे अकराव्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, उत्तर होतं. चौकट उघडायच्या हुकमात आणखी दोन आकडे लिहायचे. पहिला, पडद्याच्या डाव्या कडेपासून किती दूर. दुसरा, वरच्या कडेपासून किती खाली. अंतर मोजायचं ट्विप नावाच्या मापात. एका इंचात चौदाशे चाळीस ट्विप!

नीळकंठराव तो आकडा बराच वेळ बघत राहिले.

"सुनीती," त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "दिवसात मिनिटं किती?"

"भाजी करपतेय. तुम्हीच मोजा."

"चौदाशे चाळीस! आणि इंचात ट्विपही चौदाशे चाळीस! म्हणजे बघ, एका इंचात अख्खा दिवस मावतो!"

"मग इंचभर सरका आणि पोळ्या वाढायला घ्या," सुनीतीबाई म्हणाल्या.

जेवण झाल्यावर काम सुरू झालं. नीळकंठरावांना बारीक दिसत नसल्यामुळे लॅपटॉप साकेतनं घेतलेल्या त्रेचाळीस इंची टीव्हीला जोडलेला असायचा. त्यांनी भीत भीत दोन्ही आकडे चौदाशे चाळीस लिहिले. बटण दाबलं. आणि चौकट, जी इतके दिवस मधोमध ठाण मांडून बसली होती, ती मुकाट्यानं वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली!

नीळकंठरावांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढली. त्यांनी आकडा दुप्पट केला. चौकट सरकली! तिप्पट केला. अजून सरकली! छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या सांगण्यावरून टेबलावरचा पंखासुद्धा कुणी वळवला नव्हता.

"अगं, ये ना लवकर! ही माझं ऐकते!"

सुनीतीबाई हात पुसत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "चला, घरात कुणीतरी तुमचं ऐकायला लागलं." पण त्यांनीही खुर्ची ओढली. "आता खाली आणा बरं. आता उजवीकडे. अगंबाई!"

सुनीतीबाईंची शिवणाची टेप आली. टीव्हीला ती लावल्यावर कळलं, की यंत्राचा एक इंच म्हणजे टेपचे जवळजवळ दोन. नीळकंठरावांनी मनात म्हटलं, यंत्राचा इंच सढळ दिसतो. शेवटी डावीकडून सोळा इंच म्हणजे तेवीस हजार चाळीस ट्विपवर चौकट मास्तरांच्या उजव्या खांद्याशेजारी अशी उभी राहिली, जणू चिठ्ठी घेऊन आलेला अदबशीर चपराशीच! तोंड मोकळं, मिशी मोकळी, पागोट्याचा तुरासुद्धा मोकळा.

त्या आठवड्यात नीळकंठराव जरा ताठ चालले. शेजाऱ्यांनी सुनीतीबाईंना विचारलंसुद्धा, "भाऊंच्या पाठीले काही झालं का?"

रविवार उजाडला. वाचनालयाचा हॉल भरून गेला. घाटंजीहून, पांढरकवड्याहून जुने वाचक जीप करून आले होते. अवधूतरावांनी हौसेनं मंडपवाल्याकडून प्रोजेक्टर आणला होता, आठ फुटी पांढरं कापड दोन बांबूंवर ताणलं होतं आणि लॅपटॉपचा आवाज लाउडस्पीकरला जोडला होता. नीळकंठरावांनी कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"एवढा मोठा पडदा? मी तर टीव्हीवर मोजलं होतं."

"मोठा आहे, म्हणजे जागा जास्तच ना!" अवधूतराव म्हणाले. हे नीळकंठरावांनाही पटलं.

उकंडानं लॅपटॉपला हार घातला आणि 'शोधा'च्या जागी पडद्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. हंसाबाई काठी टेकत आल्या, खुर्चीवर बसल्या. समोरच्या कापडावर बळवंत मास्तर उमटले आणि बाईंनी पदर सारखा केला.

"दाबा जी," उकंडा म्हणाला.

बाईंनी बटण दाबलं.

काहीच झालं नाही. मास्तर शांतपणे समोर बघत राहिले. बाईंनी पुन्हा दाबलं.

टुंग!

लाउडस्पीकरमधून आवाज असा आला, की मागच्या रांगेतलं एक लेकरू रडायला लागलं. पुन्हा दाबलं. टुंग! टुंग! वाटावं, मास्तरांच्या देवळात कुणीतरी घंटा वाजवतंय.

"चौकट कुठाय?" अवधूतराव नीळकंठरावांच्या कानात किंचाळले.

"उघडलीय. उघड्या चौकटीत नाव न लिहिता पुन्हा बटण दाबलं, की यंत्र असं ओरडतं."

"उघडली, तर दिसत काहून नाही?"

नीळकंठरावांच्या डोळ्यांपुढे गणित धावलं. प्रोजेक्टर जोडल्याबरोबर लॅपटॉपनं आपला पसारा आवरला होता. कापड आठ फुटांचं होतं खरं, पण त्याच्यावर यंत्राचे इंच साडेदहाच बसत होते. आणि चौकट होती सोळाव्या इंचावर! त्यांनी घाम पुसला, कापडाच्या उजव्या कडेच्या पुढे चार फूट मनातल्या मनात मोजले आणि बोट दाखवलं.

"तिथं आहे."

तिथं उकंडा नारळ घेऊन उभा होता.

"माह्याजवळ?" उकंडानं दचकून मागं बघितलं. "मले तं काई दिसत नाई जी!"

"उकंडा, तू बाजूले हो आधी!" अवधूतराव ओरडले. "चौकट तुह्या अंगावर पडून राह्यली! अरे, कापड सरकवा तिकडं! चार फूट!"

"अवधूतराव, अहो, तसं नसतं ते..." नीळकंठराव म्हणाले. पण ते इतकं हळू म्हणाले, की ते फक्त त्यांनाच ऐकू गेलं.

दोघांनी दोन बांबू उचलले आणि कापड चार फूट उजवीकडे नेलं. चौकट काही सापडली नाही. मास्तर मात्र अर्धे कापडावर आणि अर्धे भिंतीवरच्या सूचनाफलकावर गेले. डाव्या गालावर मोठ्या अक्षरात उमटलं, 'पुस्तकाची पाने फाडू नयेत.'

"अजून थोडं सरकवा! असंन तिथंच!"

"खिळा आहे जी इथं!"

चर्रर्र! कापड हातभर फाटलं. हॉलमध्ये हशा उसळला. हंसाबाईंनी काठी आपटली आणि हशा विझला.

"कापड होतं तिथं ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि हे कुणी केलंय, ते मला सांगा."

सगळी बोटं नीळकंठरावांकडे वळली. चार ट्रंका नागपूरच्या वाटेला लागलेल्या त्यांना स्पष्ट दिसल्या. ते पुढे आले. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"बाई, चूक माझी आहे. नाव लिहायची चौकट वडिलांच्या चेहऱ्यावर येत होती. ती बाजूला करायला गेलो, तर पडद्याच्या बाहेरच गेली."

"म्हणजे ती नाहीच?"

"आहे ना. इथंच आहे. फक्त दिसत नाही. तुम्ही बटण दाबल्यापासून वाट बघतेय."

"कशाची?"

"नावाची."

हंसाबाईंनी कापडाकडे बघितलं. मधोमध शिवण उसवल्यासारखी फट पडली होती, तिच्या वर मास्तरांचे डोळे होते. त्या हळूच म्हणाल्या, "बाबा मला लहानपणी शेळीपालनाचं एक पुस्तक वाचून दाखवायचे. घरात गोष्टीची पुस्तकं आली नव्हती तेव्हा." आणि त्यांनी त्या पुस्तकाचं नाव सांगितलं.

नीळकंठराव लॅपटॉपवर वाकले. न दिसणाऱ्या चौकटीत नाव लिहायचं, म्हणजे वेलांटी पडली की नाही हेही कळायचं नाही! एका बोटानं, एकेक अक्षर तोंडानं पुटपुटत त्यांनी नाव लिहिलं. एंटर मारला.

मास्तरांच्या फोटोखाली अक्षरं उमटली: 'कपाट ११, कप्पा ३.'

कुठं चौकट नाही, पाटी नाही. लेकीनं नाव घेतलं आणि बापानं जागा सांगितली, असंच दिसलं सगळ्यांना! उकंडा अकरा नंबरच्या कपाटाकडे धावला आणि तिसऱ्या कप्प्यातून धुळीनं माखलेलं पुस्तक घेऊन आला. आतल्या पानावर मास्तरांची सही होती. पुढच्या रांगेतल्या धनीबाईंनी कापडाला हात जोडले.

"सांगतलं रे मास्तरनं!" मागून कुणीतरी म्हणालं.

नीळकंठराव स्वतः तोंड उघडं टाकून बघत होते. प्रोग्राम त्यांचा, ओळन् ओळ त्यांची. पण चार फूट पलीकडे, रिकाम्या हवेत, कुणाला न दिसता एक चौकट उभी राहते, ऐकून घेते आणि नेमकं उत्तर देते, हे त्यांनाही आत्ता पहिल्यांदाच कळलं होतं. त्यांनी नकळत उजवीकडे, हवेकडे बघून मान लववली.

हंसाबाईंनी पुस्तक मांडीवर ठेवलं, पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "ट्रंका इथं येतील."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की नीळकंठरावांना वाटलं, पुन्हा कापड फाटलं.

"पण एका अटीवर," बाई म्हणाल्या. "हे असंच ठेवायचं. ती चौकट मला बाबांच्या फोटोवर, खांद्यावर, कुठंही दिसता कामा नये. नाव सांगायचं आणि बाबांनी उत्तर द्यायचं. हे काम हेच गृहस्थ करतील."

"मंजूर!" अवधूतराव गरजले. नीळकंठरावांना कुणी विचारलंच नाही.

ट्रंका आल्या. पहिलं पुस्तक उघडताना नीळकंठरावांनी आधी हात धुतले, मग पुसले, मग पुन्हा धुतले. ते सुख खरं होतं. पण रोज संध्याकाळी वाचक मास्तरांपुढे रांग लावून नावं सांगायचे आणि नीळकंठराव आंधळेपणानं लिहायचे. दहातली सहा नावं चुकायची आणि पट्टीत यायचं, 'सापडलं नाही.' वाचक निमूटपणे परत जायचे. मास्तरांची मर्जी नसेल, म्हणायचे! एक जण तर मास्तरांनी रहस्यकथा तीनदा नाकारली म्हणून चरित्रं वाचायला लागला.

शेवटी नीळकंठरावांच्या मनाला ते सोसेना. बसस्टँडमागच्या टायपिंगच्या क्लासात त्यांनी नाव घातलं. आता सकाळी आठच्या बॅचला, दहावी-बारावीच्या पोरींच्या रांगेत, ते पहिल्या बाकावर बसतात.

क्लासच्या केतकी मॅडम परवाच त्यांना म्हणाल्या, "काका, बोटांकडे नका बघू. लिहिलेलं समोर स्क्रीनवर बघायचं असतं."

"मॅडम," नीळकंठराव खाली मान घालून म्हणाले, "आमच्याकडे तिथंच काही दिसत नाही हो."