वजनाप्रमाणे दर

एका जंगलात, मुलांनो, आजारी पिल्लांची काळजी राज्य घेत असे. निदान फलकावर तरी तसं लिहिलेलं होतं.

त्या जंगलात केतकी नावाची एक पिसोरी राहायची. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. तिच्या पाडसाचा गळा जन्मापासून नाजूक. दूध थेंबाथेंबानं पाजावं लागे. घशात कफ अडकला की लगेच काढावा लागे. खुरांनी हे कसं जमणार? म्हणून यमूताई वानरीण, राज्याची नर्स, रोज घरी येई. तिची बोटं भारी हलकी. पाडस तिच्या मांडीवर झोपलं की केतकी चार घास चरून येई.

यमूताईला मेहनताना फळांत मिळे. दर ठरवले होते खजिनदार अस्वलानं, रुग्णाच्या वजनाप्रमाणे. गव्याचा मुरगळलेला पाय चोळला, तर टोपलीभर फळं. पाडसाचा जीव दिवसभर सांभाळला, तर दोन बोरं.

यमूताईची स्वतःची पिल्लं उपाशी राहू लागली. शेवटी ती दरबारात गेली.

"साहेब, दर वाढवा. एवढ्यात घर चालत नाही."

"एवढंसं पिल्लू," अस्वल म्हणालं. "त्याचं काम ते कितीसं असणार?"

"एकदा मांडीवर घेऊन बघा ना."

अस्वलानं आपल्या नखांकडे पाहिलं आणि विषय बदलला. "ताई, तुमचं काम म्हणजे सेवा. सेवेचं मोल करून आम्ही तुमचा अपमान करणार नाही."

मग त्यानं शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार केला. टाळ्या भरपूर वाजल्या.

नारळ पिल्लांनी लगेच फस्त केला. शाल कुणीच खाईना. यमूताईनं रडत रडत केतकीचा निरोप घेतला आणि ती गव्याचा पाय चोळायला गेली.

थोड्याच दिवसांत पाडसाचा श्वास कोंडला. केतकीनं त्याला कसंबसं राजरुग्णालयात पोचवलं. पाडस वाचलं, पण तिथले वैद्य त्याला घरी सोडेनात.

"घरी नर्स आहे? नाही ना? मग इथंच राहू दे."

पाडसाला स्वतंत्र गुहा मिळाली. दाराशी पहारेकरी. वारा घालायला मोर. फक्त हलकी बोटं कुणाकडेच नव्हती. म्हणून यमूताईलाच बोलावलं, रोजच्या तीन टोपल्या फळांवर. अस्वलानं डोळे झाकून मंजुरी दिली. रुग्णालयाचा खर्च वेगळ्या खात्यात पडत होता.

भेटीची वेळ संपली की केतकी गुहेच्या दाराच्या जाळीबाहेर उभी राही. एकदा तिनं विचारलं, "ताई, हेच सगळं घरी नसतं का झालं?"

पाडसाच्या घशातला कफ काढताना यमूताईनं मान वर केली नाही.

"झालं असतं गं," ती म्हणाली. "पण स्वस्तात झालं असतं ना."

तात्पर्य : मुलांनो, एकदा काटकसर करायची ठरवली, की मग खर्चाकडे बघू नये.