म्हात्रेकाकांची रेंज

म्हात्रेकाकांच्या घरात शिरताना खाली बघून चालावं लागे. लादीवर जागोजागी खडूने आकडे लिहिलेले असत. दारात एक, टीव्हीसमोर शून्य, मोरीपाशी पुन्हा एक, खिडकीखाली दोन. मोबाईलवर ज्या जागी रेंजच्या जितक्या काड्या दिसत, तितका तिथला आकडा. पाहुणा चुकून आकड्यावर बसला तर काका त्याला उठवून वीतभर सरकवत. काकू रोज सकाळी लादी पुसत आणि काका रोज नव्याने मोजत. त्यांच्या मते रेंज रात्रीतून जागा बदलते.

तेव्हा मोबाईल नुकते घराघरात आले होते. धामणकर नाक्याच्या मागची आमची इमारत चारी बाजूंनी लूमच्या, म्हणजे खडखडणाऱ्या यंत्रमागांच्या, शेडांनी वेढलेली. आत फोन लागला तर नवल. आम्ही बाकीचे निमूटपणे रस्त्यावर जाऊन बोलायचो. मी शाळेत शिकवतो, पण माझी निम्मी घरगुती भांडणं पानाच्या टपरीवाल्याला पाठ होती. काकांना हे मंजूर नव्हतं. "रेंज हाय," ते म्हणत. "तिला आत यायला वाट न्हाय, एवढंच."

तीस वर्षं त्यांनी लूमची दुरुस्ती केली होती. चालू लूमवर नुसता तळवा ठेवून कुठला भाग ढिला झालाय ते सांगत. आवाज असा, की काकूंकडे मीठ मागितलं तरी खालच्या मजल्यावर कळे. लूमवरची सगळीच माणसं मोठ्याने बोलतात, त्यामुळे त्यात कुणाला काही वाटत नसे.

वाट करून देण्यासाठी त्यांनी आधी खिडकीजवळचं लोखंडी कपाट आतल्या खोलीत ढकललं. मग खिडकीवरचा पत्रा उतरवला. ऊन थेट जेवायच्या ताटात येऊ लागलं, रेंज मात्र तिथेच. शेवटी नाक्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "चाचा, छत पे अँटेना लगाओ." फोनच्या पाठीवर एक बारीक रबरी बूच असतं, ते काढून तिथे अँटेनाची वायर जोडता येते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

रविवारी मी गच्चीवर बांबू धरून उभा आणि काका खाली फोनसमोर. "फिरवा, सर. अजून फिरवा." मी वरून विचारत होतो, कल्याणच्या बाजूला फिरवू की नाशिक रस्त्याच्या? उत्तर एकदाही आलं नाही. नुसतं "फिरवा". तासाभराने माझे खांदे भरून आले, तेव्हा खालून आरोळी आली, "चार!" खिडकीशी स्टुलावर फोन बसला आणि स्टुलाखाली काकांनी ऑइलपेंटने चारचा आकडा काढला.

एवढं करून काका फोनवर कधी बोलत नसत, याचं मला कुतूहल होतं. फोन वाजून स्टुलावर थरथरला की काकूंना हाक. काकू बोलत आणि काका समोर मांडी घालून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहत. आधी मला वाटलं, बिलाची काळजी असेल. पण फोन तर बहुतेक दिघाशीहून, सासरी असलेल्या लेकीचा, सुनंदाचा येई; पैसे तिकडेच पडत. एकदा ते फोनवर वाकलेले असताना मी पाठीमागून विचारलं, तुम्ही स्वतः कुणाशीच कसे बोलत नाही? ते म्हणाले, "हां, चारच हायत. पाचवी यायला पायजे." मी समजलो, माणूस रेंजच्या नादात आहे.

पुढे सुनंदाचे दिवस भरले. एका सकाळी काकू भाजी आणायला खाली गेल्या होत्या. मी शाळेला निघालो आणि काकांच्या दारावरून जाताना थबकलो. ते स्टुलाशी उकिडवे बसले होते, फोन कानाला. "हां," म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा "हां". फोन दुसऱ्या कानाला लावला. मग मला बघून हाताने बोलावलं आणि प्रथमच हळू आवाजात म्हणाले, "सर, जरा ऐका. मला न्हाय ऐकू येत. लूमनं कान खाल्ले. घरात हिला तेवढं ठावं हाय."

मी फोन घेतला. आवाज स्वच्छ होता, शेजारच्या खोलीतून यावा तसा. जावई सांगत होते, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मी काकांच्या समोर बसलो आणि त्यांना ओठ दिसतील असं सावकाश सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, काकूंच्या तोंडाकडे बघत तसेच. त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसती मान हलवत राहिले.

मग म्हणाले, "रडते काय ती?"

मी जावयांना विचारलं. त्यांनी फोन बाळाजवळ नेला. बारीक, चिडका, मध्येच श्वास अडकणारा आवाज आला. मी फोन काकांच्या कानाला लावला. ते डोळे मिटून बसले, बराच वेळ. मग मानेनेच नाही म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

"कशी रडते, सर?"

आता हे कसं सांगायचं? मी एका कानाने ऐकत, त्यांच्यासमोर तोंड वासून, नाक आक्रसून, मुठी वळून तसा रडू लागलो. मध्ये श्वास अडकवायचा, मग पुन्हा. दारात काकू भाजीची पिशवी घेऊन येऊन उभ्या राहिल्या होत्या, ते मला नंतर दिसलं.

काका माझ्याकडे एकटक बघत होते. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"सुनंदा अश्शीच रडायची," ते म्हणाले. "तवा मला ऐकू येत होतं."